मित्रमंडळींना पर्यावरणाचं पटवायचं कसं? (की पटवूच नये?)

उन्हाची_तिरीप

नमस्कार. एरवी वाचनमात्र असते, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

आमचा सहा जणांचा कंपू, कॉलेजपासूनचा. गेल्या तीन वर्षांत मी माझ्यापुरतं बरंच बदललं. गाडी विकली. कपडे घेणं जवळजवळ थांबवलं. फोन पाचव्या वर्षीही तोच आहे, मध्ये फक्त बॅटरी बदलली. रेल्वेने पोचता येत असेल तिथे विमान नाही. यात त्याग वगैरे काही नव्हता, खरं तर मजाच आली. मग वाटलं, आपल्या माणसांनीही करावं. आणि सुरू झालं माझं कीर्तन. ग्रुपवर रोज एक लेख. कुणी नव्या खरेदीचा फोटो टाकला की खाली माझा प्रश्न, "खरंच गरज होती का?" कुणाकडे जमलो की प्लॅस्टिकच्या पेल्याकडे बघून उसासा.

गेल्या महिन्यात कळलं की त्या पाच जणांचा एक वेगळा ग्रुप आहे. मला वगळून. त्यातले चौघं एक सहलही करून आले, विमानाने. एकीला फोन करून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तू असलीस की आम्हाला सतत परीक्षेला बसल्यासारखं वाटतं गं."

दोन दिवस रडून झालंय, त्यामुळे सांत्वन नको. मला खरंच जाणून घ्यायचंय की तुमच्यापैकी कुणी कुणाला पटवू शकलंय का? मान डोलावली, "हो गं, बरोबर आहे तुझं" म्हणाले, तेवढं नाही. वागणं बदललं असं.

बिनधास्त_वाचक

पाचातले चौघं गेले. म्हणजे एक उरला. त्याला धरा आधी.

रातकिडा

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. हे सगळं तुमच्या गळ्यात बांधलेलं आहे. 'कार्बन पाऊलखूण' (म्हणजे आपल्या वागण्यामुळे किती कार्बन हवेत जातो त्याचं माप) हा शब्द घरोघरी कुणी पोचवला? बीपी या तेल कंपनीने. २००४-०५ च्या सुमारास जाहिराती केल्या, तुमची पाऊलखूण मोजा म्हणून गणकयंत्रही काढून दिलं. तेल त्यांनी विकायचं आणि हिशोब तुम्ही-आम्ही ठेवायचा. तुमच्या मैत्रिणीने पेला कागदाचा वापरला काय आणि प्लॅस्टिकचा वापरला काय, जग तसूभर हलत नाही. मैत्री मात्र तुटते. मैत्री वाचवा.

नवखी

+१ रातकिडा. पण मग काहीच करायचं नाही का? (प्रामाणिक शंका.)

आकडेमोड

रातकिडा यांचा इतिहास बरोबर आहे, निष्कर्ष अर्धाच बरोबर आहे. पण त्याआधी धागाकर्तीला एक विचारतो. उसासा पेल्यावर का सोडलात?

२०१७ मध्ये सेथ वाइन्स आणि किंबर्ली निकोलस या संशोधकांनी वैयक्तिक बदलांची तुलना केली होती, विकसित देशांचे आकडे धरून. वर्षभर गाडीशिवाय राहिलं तर माणशी साधारण २.४ टन उत्सर्जन वाचतं. अटलांटिक ओलांडून जायची-यायची एक विमानफेरी टाळली तर १.६ टन. पूर्ण वनस्पतिजन्य आहार घेतला तर वर्षाला ०.८ टन. आणि घरातला कचरा निगुतीने वेगळा करून पुनर्वापराला देणं, ज्यावर सगळ्यात जास्त प्रवचनं होतात, ते ०.२ टनाच्या आसपास. (यादीत सगळ्यात वर 'एक मूल कमी' होतं. त्यावर एवढं रण माजलं होतं की इथे तो विषय कुणी काढू नये ही विनंती.)

पेल्याचा प्रश्न कचऱ्याचा आहे, तो खरा आहेच. पण माणूस दुसऱ्याचं ऐकून घेतो ते मोजकंच. ती शिल्लक तुम्ही पेल्यावर उधळलीत आणि विमानाची वेळ आली तोवर खातं रिकामं होतं.

कापडी पिशवीचंही असंच. २०११ च्या ब्रिटिश सरकारी अहवालानुसार, प्लॅस्टिकची पातळ पिशवी एकदाच वापरून फेकली असं धरलं, तर हवामानाच्या हिशोबात तिची बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. ज्यांच्या कपाटात भेट आलेल्या पंचवीस कापडी पिशव्या पडून आहेत त्यांनी हात वर करा. मी पहिला.

बिनधास्त_वाचक

✋ एकतीस. मोजून आलो.

कोरडा_पाषाण

मी तुमच्या त्या पाच जणांपैकी आहे असं समजा. आयडी उगाच घेतलेला नाही.

माझा एक मित्र असाच होता. त्याचं म्हणणं चूक नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं, आणि नेमकं त्यामुळेच माझं डोकं फिरायचं. तो बोलायला लागला की मी मनातल्या मनात त्याच्या चुका शोधत बसायचो. हा एसी लावतो की. याच्या बुटाला चामडं आहे. पर्यावरणाचं एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं, सगळं लक्ष फिर्यादीला उलटतपासणीत गाठण्यावर. तो नसताना आम्ही बाकीचे "आले नाकाने कांदे सोलणारे" म्हणून हसायचो. आज वाईट वाटतं, पण हसायचो.

दुसरा एक मित्र. तो सायकलवर यायचा. कुठेही, कधीही. दोन वर्षांत सायकलबद्दल एक शब्द बोलला नाही. फक्त वेळेवर यायचा आणि आम्ही पार्किंग शोधत असायचो. एकदा माझी गाडी दुरुस्तीला दहा दिवस अडकली. मी फोनवर शिव्या घालत होतो, तर म्हणाला, "माझी जुनी सायकल धूळ खात पडलीय, गाडी येईपर्यंत ने." आणून दिली. सीटची उंची लावून दिली. पहिल्या दिवशी माझ्याबरोबर ऑफिसपर्यंत आला, कारण मला आतले रस्ते माहीत नव्हते. गाडीवाल्याला ते कधी माहीत नसतात.

गाडी आली. सायकल अजून माझ्याकडेच आहे. आता सहा वर्षं झाली. पाऊस असला की गाडी काढतो, उगाच खोटं कशाला सांगू. पण आठवड्यातले तीन-चार दिवस सायकल.

आजतागायत त्याने मला विचारलेलं नाही की "मग, पटलं ना?" विचारलं असतं तर दुसऱ्या दिवशी सायकल परत केली असती.

नवखी

शेवटचं वाक्य!! अगदी अगदी.

आकडेमोड

पाषाणराव, तुमच्या उलटतपासणीवर संशोधन झालेलं आहे. ज्युलिया मिन्सन आणि बेनुआ मोनँ, २०१२. मांसाहारी लोकांना आधी विचारलं, शाकाहारी माणूस तुम्हाला कसा जोखत असेल? त्यानंतर त्यांनी शाकाहारींना जास्तच वाईट गुण दिले. गंमत अशी की शाकाहारी मंडळी त्यांना जेवढं कडक जोखत असतील असं त्यांना वाटत होतं, प्रत्यक्षात तेवढं कडक जोखत नव्हती. तोंडाने न बोलताही माणूस आरोप ऐकतो. इथे तर उसासे होते.

आणि सायकलवाल्या मित्राचंही उत्तर आहे. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात ५८ गावांमध्ये घरांवर सौर पॅनल बसवायची मोहीम झाली. प्रत्येक गावात एक स्थानिक स्वयंसेवक लोकांना समजावत होता. ज्यांनी त्याच मोहिमेतून स्वतःच्या घरावर पॅनल बसवून घेतले होते, त्यांनी बाकीच्यांपेक्षा सुमारे ६३ टक्के जास्त घरं जोडली. २०१८ चा अभ्यास. आपल्याकडे यालाच 'आधी केले, मग सांगितले' म्हणतात.

रातकिडा

अहो पण धागाकर्तीने आधी केलेलंच आहे. गाडी विकलीय त्यांनी. तरी ग्रुपमधून हकालपट्टी झालीच ना?

उन्हाची_तिरीप

@रातकिडा, हाच माझा प्रश्न होता, धन्यवाद.

@कोरडा_पाषाण, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मला कधी कुणाची सीट लावून द्यायचं सुचलं नाही. मी त्यांना लिंका दिल्या.

ढगाळ

मला जरा वेगळं बोलायचंय आणि ते कडू लागेल.

तिरीपताई, तुम्ही गाडी विकलीत, कौतुक आहे. तुम्ही विकू शकलात कारण तुमचं ऑफिस चालत जाण्यासारखं असेल, किंवा घरी कुणाला मध्यरात्री दवाखान्यात न्यावं लागत नसेल. माझ्या वडिलांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागायचं. त्या काळात एका मैत्रिणीने मला "एकट्याने एवढी मोठी गाडी कशाला?" असं ऐकवलं. मी काही बोलले नाही. चाकाची खुर्ची घडी करून मागे टाकता येईल अशी तेवढी एकच गाडी आम्हाला परवडत होती, हे तिला सांगण्याची माझ्यात ताकद नव्हती. तिनेही विचारलं नाही.

वडील गेले. तिच्याशी बोलणं अजून नीट सुरू झालेलं नाही.

दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते आधी माहीत करून घ्या. मग लेख पाठवा.

उन्हाची_तिरीप

ढगाळ, मी निरुत्तर आहे. माझ्या पाचांपैकी दोघांच्या घरी सध्या काय चाललंय ते मला खरंच सांगता येणार नाही.

सुईदोरा

उशिरा आले, वर बरंच बोलून झालंय. मी फक्त आमच्याकडे काय होतं ते लिहिते.

२००९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला मार्टिन पोस्टमा नावाच्या बाईंनी 'रिपेअर कॅफे' सुरू केला. बिघडलेली वस्तू घेऊन यायचं, तिथे जाणकार माणसं असतात, त्यांच्याबरोबर बसून दुरुस्त करायची. आता जगभर अशा जागा आहेत. मी वाचलं आणि म्हटलं, घरीच करू. महिन्यातला एक रविवार. मित्रमैत्रिणींना निरोप काय धाडला? "मोडकं काहीतरी घेऊन या, गप्पा मारू." पर्यावरण हा शब्द त्यात नव्हता, आजही नसतो.

पहिल्या रविवारी तिघं आली. एक चेन अडकलेलं जॅकेट, एक टेबल लॅम्प आणि एक कानाला लावायचा हेडफोन, ज्याच्या एकाच बाजूने आवाज यायचा. जॅकेटच्या चेनला काहीही झालेलं नसतं हो, निम्म्या वेळा नुसता रनर सैल पडलेला असतो. पकडीने दोन्ही कडा हलकेच दाबल्या की चालते. ती मैत्रीण नवीन जॅकेट बघायला जाणार होती! लॅम्पची वायर प्लगपाशी तुटली होती, नवा प्लग लावला. हेडफोन मात्र आम्ही पार कामातून घालवला. तो उघडतच नव्हता, उघडला तो तुकड्यांनी. त्यावर जे हसलो त्यामुळे दुसऱ्या महिन्यात सात जणं आली, असं माझं ठाम मत आहे.

आमचा एकच नियम आहे. वस्तू ठेवून जायचं नाही, शेजारी बसायचं. स्क्रू स्वतः काढायचा. माझ्या हातात देऊन फोन बघत बसलं की मी काम थांबवते.

अडीच वर्षं झाली. कोण किती बदललं ते मोजलेलं नाही. पण परवा एक मित्र नवा स्पीकर घेण्याआधी फोन करून विचारत होता, "याला स्क्रू दिसत नाहीयेत गं, हा उघडणार कसा?" हा माणूस दर वर्षी सगळं नवं घेणारा. फ्रान्समध्ये २०२१ मध्ये फोन, लॅपटॉप, वॉशिंग मशीन अशा काही वस्तूंवर त्या किती सहज दुरुस्त होतील याचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं झालं. तो मित्र आता असे गुण आपणहून शोधत बसतो.

आणि सगळं जमत नाही. दहातल्या तीन-चार वस्तू तशाच परत जातात. शिवाय एका मैत्रिणीला हा सगळा प्रकार कंटाळवाणा वाटतो. ती येते, गप्पा मारते, मोडकं काही आणत नाही. तिला कुणी काही म्हणत नाही.

गोगलगाय

सुईदोराताई, हा स्वतंत्र लेख होईल. लिहाच.

माझी एक भर. वेळ. पाषाणरावांच्या मित्राने सायकल गाडी बंद पडल्यावर दिली, हे फार महत्त्वाचं आहे. सवय एकदा मोडली की नवी बसेपर्यंत थोडी फट असते. इंग्लंडमधल्या पीटरबरोत ८०० लोकांवर एक प्रयोग झाला होता (फरप्लांकेन आणि रॉय, २०१६). निम्म्यांनी नुकतंच घर बदललं होतं, निम्मे जुन्याच घरात होते. पर्यावरणपूरक सवयींसाठी मदत दोन्हीकडे सारखीच केली. फरक जास्त पडला तो घर बदललेल्यांमध्ये, आणि तोही साधारण पहिल्या तीन महिन्यांत. मग तेही रुळले.

म्हणून मी मित्रांना एरवी काही सांगायला जात नाही. कुणी घर बदललं की मात्र सामान हलवायला हटकून हजर असतो. तेव्हा लोकांना हजार गोष्टी हव्या असतात. "दोन महिने थांब, माझ्याकडे जास्तीचं टेबल आहे." "इथून स्टेशनला चालत बारा मिनिटं लागतात, चल दाखवतो." खोकी उचलणाऱ्याचं माणूस ऐकतो.

रातकिडा

सगळं गोड आहे. पण परिणाम किती? अमेरिकेत एका कंपनीने लाखो घरांना 'तुमची वीज आणि शेजाऱ्यांची वीज' अशी तुलना करणारी पत्रं पाठवली होती. त्याचं भरपूर कौतुक झालं. वीज वाचली किती? सरासरी २ टक्के. याला म्हणायचं डोंगर पोखरून उंदीर काढणे. त्यापेक्षा वीज कशापासून बनते ते बदला, कायदे बदला.

आकडेमोड

२ टक्के बरोबर. एका कागदाच्या खर्चात २ टक्के, असंही वाचता येतं. पण कायद्याचा मुद्दा मला मान्य आहे, म्हणूनच मैत्रीचा मुद्दा मला मोठा वाटतो.

२०२४ मध्ये एक सर्वेक्षण प्रसिद्ध झालं, १२५ देश, सुमारे १ लाख ३० हजार माणसं. विचारलं होतं, हवामानबदल रोखण्यासाठी दरमहा उत्पन्नाचा १ टक्का द्याल का? ६९ टक्के हो म्हणाले. मग विचारलं, तुमच्या देशातले किती जण हो म्हणतील? सरासरी अंदाज ४३ टक्के. म्हणजे ज्याला त्याला वाटतं की काळजी मलाच आहे, शेजारी बेफिकीर आहे. शेजाऱ्यालाही तेच वाटतं. अशा समाजात कायदा मागायला कोण पुढे येणार?

तिरीपताई, तुम्हालाही हेच वाटत होतं ना, की पाचांपैकी कुणालाच फिकीर नाही? कधी विचारलंत?

जाता जाता मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविनचा एक जुना प्रयोग. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मांसाची टंचाई होती. हृदय, मूत्रपिंड असे एरवी टाळले जाणारे भाग घरोघरी वापरले जावेत अशी सरकारची इच्छा होती. गृहिणींच्या काही गटांना छान व्याख्यान दिलं, काही गटांना आपसात बोलायला लावून शेवटी ठरवायला सांगितलं. व्याख्यान ऐकलेल्या ३ टक्के बायकांनी घरी करून पाहिलं. आपसात बोलून ठरवलेल्या ३२ टक्क्यांनी.

बिनधास्त_वाचक

थोडक्यात आपण सगळे तिरीपताईंना व्याख्यान देऊन ३ टक्क्यांत बसलो.

कोरडा_पाषाण

😂 धाग्याचं सार्थक.

रातकिडा

६९ आणि ४३ चं माहीत नव्हतं. वाचतो. (सहमत झालोय असं कुणी समजू नये.)

उन्हाची_तिरीप

दहा दिवसांनी लिहितेय.

बिनधास्त_वाचक यांचं ऐकून त्या उरलेल्या पाचव्याला फोन केला. मनात कुठेतरी आशा होती की तो तत्त्वासाठी गेला नसेल. कसलं काय, त्याला रजा मिळाली नव्हती. रजा मिळाली असती तर तो खिडकीची जागा धरून बसला असता, असं त्यानेच सांगितलं.

या वेळी फोनवर मी मुद्दामच फक्त विचारत राहिले. त्याच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दोन महिने झाले. मला पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी भेटायला गेले. निघताना तो म्हणाला, तुमच्यातल्या मुलींना वाटतं तू रागावली आहेस. मी म्हटलं, मला वाटतं त्या रागावल्यात. सर्वेक्षण आठवलं एकदम.

विमानाबद्दल बोलणं झालंच नाही. एकीने परवा मला त्या दुसऱ्या ग्रुपवर घेतलं. तिथे सहलीचे दोनशे फोटो होते. मी सगळे पाहिले आणि एका सूर्यास्ताच्या फोटोला बदाम दिला. आतून काहीतरी कुरतडत होतं, नाही असं नाही. तो १.६ टनाचा आकडा काही केल्या डोक्यातून जाईना. पण बोटं आवरली.

आता खरं कारण. पाचव्याच्या फोनची बॅटरी दुपारीच संपते आणि तो नवा फोन घ्यायला निघाला होता. माझा पाच वर्षांचा फोन त्याने हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "ही बॅटरी तू स्वतः बदललीस?" नव्हती बदलली, दुकानातून करून घेतली होती. पण तोंडातून निघून गेलं, "चल, आपण बदलू." बॅटरी मागवली, अवजारं आली, आणि आत्ता या क्षणी तो माझ्यासमोर बसलाय, स्क्रू त्याने स्वतः काढलेत (नियम पाळला), आणि मागचं झाकण गोंदाने असं चिकटलंय की हलायला तयार नाही. सुईदोराताई, असाल तर लवकर या!

सुईदोरा

आलेच. आधी सांगा, फोन पूर्ण बंद केलाय ना? बॅटरी उतरून पाव भागापेक्षा कमी शिल्लक राहिलेली हवी. झाकण उचललं गेलं असेल, फुगवटा दिसत असेल तर तिथेच थांबा, हात लावू नका, जाणकाराकडेच न्या.

फुगलेली नसेल तर केस वाळवायचा ड्रायर घ्या. कडेकडेने गरम करा, एका जागी धरून ठेवू नका. हाताला कोमट लागलं की पुरे. मग प्लॅस्टिकचं जुनं कार्ड फटीत सरकवा. स्क्रूड्रायव्हर, सुरी, धातूचं काहीही आत घालायचं नाही, आत बॅटरी आहे. एकदम उचलू नका, खाली वायरची पट्टी असू शकते. घाई करू नका, पहिल्यांदा अर्धा तास लागतो.

आणि कार्ड त्याच्या हातात द्या.

बिनधास्त_वाचक

निघालं का?